टेबल सात, जाळी बदला

सोलमध्ये सगळे मला मावशी म्हणतात.
टाय सैल केलेले म्हणतात,
एका कानात चार-चार बाळ्या घातलेल्या मुली म्हणतात,
लेथवरचा ग्वाक म्हातारा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा,
दुपारी बाराला हात पुसत आत येतो, तोही म्हणतो:
इमो, थोडी किमची आण.
इमो म्हणजे मावशी, आईची सख्खी बहीण.
इतक्या आयांच्या पाठीवर
मी कधी जन्मले, देव जाणे.

मुल्लेच्या ह्या गल्लीत दिवसा लोखंड कापतात
आणि रात्री डुकराचं मांस.
दोन्हींचा वास माझ्या केसांत, एकाच उशीवर झोपतो.
समोरचं वेल्डिंगचं दुकान गेल्या वर्षी कॅफे झालं.
भिंतीचे पोपडे त्यांनी मुद्दाम तसेच ठेवलेत,
एक कॉफी आमच्या जेवणाच्या भावात.
मी कधी गेले नाही.
म्हणजे एकदा गेले, आमचा नळ तुंबला तेव्हा
बाथरूमचा कोड विचारायला.

आमच्याकडे दोन माणसांखाली शेगडी पेटत नाही.
एकटा कुणी आला की मालक प्यो माझ्याकडे बघतात,
मी भिंतीवरच्या पाटीकडे.
बायको गेल्यापासून ग्वाक दोघांचं मागवतो,
एकाचं खातो, दुसऱ्याचं डब्यात भरून घेतो.
उद्याला होईल, म्हणतो.
उद्या पुन्हा बाराला हजर.

माय मरो नि मावशी उरो,
रात्री एकनंतर इथे हे अक्षरशः खरं असतं.
बाटल्या आडव्या होतात,
माणसं माझा एप्रन धरून रडतात,
आपापल्या आयांना फोन मात्र करत नाहीत.

मार्चमध्ये प्योंनी प्रत्येक टेबलाला एकेक स्क्रीन चिकटवली.
आता बोट लावायचं, हाक मारायची नाही.
आत घंटी वाजते आणि एक बाई बोलते,
धुऊन वाळत घातल्यासारखे स्वच्छ सोलचे उच्चार:
टेबल चार, पाणी.
टेबल नऊ, लसूण.
तिला कुणी मावशी म्हणत नाही.
खोटं कशाला बोलू, चार दिवस बरं वाटलं.
मलाही बोलावं लागेना,
येन्जीचे हेल दातांमागे दडवावे लागेनात.
पाचव्या दिवशी ग्वाक स्क्रीनकडे पाठ करून बसला
आणि उपाशी बसून राहिला, मी दिसेपर्यंत.

मग तो शुक्रवार.
सातवर कुरिअरची पाच पोरं, एकसारखी जाकिटं.
त्यातल्या सुकड्याने दोनदा चुकीचं बटण दाबलं,
आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून
मोठ्याने ओरडला: आजे!

टेबल फुटलं हसण्याने.
इथे आजे म्हणजे काका, तोही जुनाट विनोद करणारा.
अरे, बाईला काका म्हणतोस?
त्याचे कान निखाऱ्यासारखे झाले.

तुमेन नदीकडच्या आमच्या गावांत
आजे म्हणजे आईची धाकटी बहीण.
माझ्या ओक-बुनचा पोरगा 'पाणी' म्हणायच्या आधी हे शिकला,
आणि शिकला त्याच महिन्यात मी निघाले,
तीन वर्षांचा व्हिसा घेऊन.
एकोणीस झाली.

मी हसले नाही. गाव विचारलं नाही.
कात्री उचलली.
मांस आम्ही टेबलावरच कापतो, बोटभर रुंद,
प्योंनी पहिल्या दिवशी स्वतःचं बोट ठेवून दाखवलं होतं.
मी कापत गेले. त्याहून लहान.
आणखी लहान,
वर दोन, खाली दोन दात आलेत
अशा कुणासाठी कापावं तसं.
इमो, हे काय, मुंग्यांना घालायचंय?
तुकडे जाळीतून निसटून खाली पडत होते,
एकेक पडला की जाळ वर यायचा.
तो मान खाली घालून
उरलेलं चिमटीएवढं काड्यांनी वेचत राहिला.

आतून ती बाई म्हणाली, नेहमीसारखी स्वच्छ:
टेबल सात,
जाळी बदला.