पाण्याच्या रेघा

आमच्या गावात घराचं वय विचारत नाहीत,
विचारतात : पाणी कुठवर आलं होतं?

पावाच्या भट्टीबाहेर, भिंतीवर रेघा आहेत.
सर्वांत वरची छप्पन्न सालची, माझ्या डोक्याहून हातभर उंच.
त्या रात्री म्हणे वेदीवरचा संत निकोला
तरंगत चर्चच्या दारापर्यंत आला
आणि उंबरठ्याशी अडला. लाकडाचाच तो, पण हट्टी.

तेव्हापासून दर सहा डिसेंबरला
त्याला खांद्यावरून धक्क्यावर नेतो,
पाय नदीत बुडवतो,
घोट्यापर्यंतच.
जास्त बुडवले तर नदीला वाटेल, बोलावलंय.
इतक्या वर्षांत रंग गेला, बोटं झिजली;
उजव्या पायाला आता तीनच.

पॅरिसच्या चुलींसाठी
अख्खी रानं तराफ्यावर बांधून नेणारे पुरुष गेले.
त्यांच्या शिव्या राहिल्या,
मासळीवाली इझोर अजून वापरते
अर्थ माहीत नसताना.
रेल्वे आली तसं धक्क्यावर गवत माजलं,
त्याच गवतात उभं राहून
माझ्या आईबापांनी लग्नाचा फोटो काढून घेतला.

रेघ कोरायचा मान कॉर्बिनो गवंड्यांचा.
हातोडा तोच. दांडा चौथा.

गेल्या वर्षी नदी आटली.
पुलाच्या पायांचे दगड उघडे पडले,
सायकली, शिवणयंत्राचं चाक, एक लोखंडी टोप,
आणि बहीण म्हणते, तिची एकोणसाठ साली वाहून गेलेली चप्पल.
चप्पल कुणाचीही असेल.

डिसेंबरातही पाऊस नाही.
चौघांनी संताला खाली धरलं, आणखी खाली,
पाय पाण्याला लागेनात.
तेव्हा आँसेल्म कॉर्बिनोनं, ऐंशी वर्षांच्या,
बूट काढले, मोजे बुटांत नीट कोंबले,
चिखल तुडवत गेला, ओंजळ भरून आणली.
येईतो निम्मी सांडली.
उरली ती त्या तीन बोटांवर.

रात्री कुणी छिन्नीचा आवाज ऐकला.
सकाळी भिंत होती तशीच.
आम्ही वर बघत राहिलो,
वरच बघायची सवय.
त्याची नात ओनोरीन म्हणाली, खाली या.

पात्रातल्या उघड्या खडकावर
एक ताजी पांढरी रेघ.
साल नाही, नाव नाही.

मार्चमध्ये पाणी आलं, ती बुडाली.
भट्टीच्या भिंतीकडे आता पर्यटकच बघतात.
आम्ही पाव काखेत धरून पूल ओलांडतो,
मध्यावर थांबतो,
कठड्यावरून वाकतो,
ती दिसत नाही ना, एवढं बघायला.