पाण्याचा नमुना

बाराशे रुपये. त्यावर एक पैसा नाही,
असं घरून ठरवूनच निघाले.
तिसरा पगार, पहिली घडी.
आमच्याकडे घड्याळ भिंतीवर असतं,
मनगटावर असते ती घडी.

दर्यापूरला, बस स्टँडमागे गनीभाईचं दुकान.
काचेखाली घड्या ओळीनं निजलेल्या,
सगळ्यांत दहा वाजून दहा.
माझं ऑफिस पावणेदहाचं,
म्हणजे या दुकानात मला कायमचा
पंचवीस मिनिटं उशीर.

"लेडीज पायजे?"
त्यांनी टिकलीएवढी काढली, सोनेरी,
साखळीला बदाम लोंबता.
वेळ सोडून सगळं दिसत होतं तिच्यात.
मी म्हटलं, चाचा, सोमवार ते शुक्रवार
पंचायत समिती, पाणीपुरवठ्याचं टेबल.
शनिवार-रविवार तूर सोंगणं, शेणपाणी,
स्कुटीवर मामाचं गाव, एखादं लग्न.
दोन घड्या परवडत नाहीत.
इस्त्रीच्या साडीवर शोभली पाहिजे
अन् पऱ्हाटी उपटताना काढावी लागू नये.

"चामड्याचा पट्टा?"
घामानं वास मारतो.
"रबरी?"
बीडीओ साहेबांसमोर नववीतली वाटते.
"मंग स्टील."
त्यांनी दोन ठेवल्या समोर,
एक साडेसहाशेची, एक अकराशे चाळीसची,
जुळ्या बहिणींसारख्या.
उलटून पाहिल्या. पाठीही सारख्याच.

"गाव कोनतं?"
सांगितलं. पूर्णेच्या पलीकडचं.
त्यांनी भिंग डोळ्यावरून कपाळावर ढकललं.
"खारपानाचं! तुमच्या पान्यानं
हापशीचे पाइप खाल्ले, बाई,
घडीचं काय घेऊन बसली?"

दुसऱ्या दिवशी मी बाटली नेली.
आमच्या हापशीचं पाणी, वर चिठ्ठी,
टेबलावर येते तशीच:
गावाचं नाव, तारीख, स्रोत, घेणाऱ्याची सही.
गनीभाई हसले, तोंडातला खर्रा सांभाळत.
मग दोन वाट्या काढल्या,
दोन्ही पट्ट्यांची एकेक कडी सोडवली
आणि बुडवली.
"आठ दिवस. येजो सोमवारी."

आठ दिवस मी अहवालाची वाट पाहिली.
तशी एका अहवालाची आधीपासूनच पाहते आहे.
याच हापशीचा नमुना
गेल्या पोळ्याला अमरावतीला गेलाय,
स्मरणपत्रं तीन,
फाइलची नाडी आता पुरत नाही.

गनीभाईंचा अहवाल सोमवारी साडेसहाला तयार होता.
एका वाटीत पाणी चहासारखं,
कडी बोटाला लागणारी.
दुसरीत पांढरी खपली धरलेली,
अंगठ्यानं पुसली तर खाली कडी जशीच्या तशी.
ते काही बोलले नाहीत.
वाट्या फक्त माझ्याकडे सरकवल्या.

अकराशे चाळीस मोजले.
साठ उरले, त्यांची आईसाठी शेव.

माझा हात बारीक, कड्या जास्त झाल्या.
चार काढून त्यांनी पन्नीत गुंडाळल्या,
खर्र्याची पुडी बांधतात तशा.
"फेकू नोको. हात भरला का लावून देतो. फुकट."
अन् ती भिजलेली? यांतच आहे का?
"ते पट्ट्यात लावली. कोनती हाय, सांग बरं."

सकाळी नऊ चव्वेचाळीसला मस्टरवर सही करते.
शेजारच्या टेबलावरच्या अंबुलकर मॅडम विचारतात, केवढ्याची?
किंमत ऐकून दुसऱ्या हातात घेऊन बघतात,
वजन बघतात, परत देतात.
रविवारी हापशीवर आई ओरडते,
"काढ ना थे, पानी लागन!"
मी हात तसाच धारेखाली धरते.

अधूनमधून, साहेब बोलत असतात तेव्हा,
टेबलाखाली एकेक कडी चाचपत जाते.
अजून सापडली नाही.