पोळं

हर्णैला, बर्फाच्या कारखान्यामागं माझं गॅरेज.
श्रीराज खोपटकर आला, बॉनेटवर थाप मारून म्हणाला,
"नियाजभाय, कॅट काढून टाक, साधा पाइप लाव.
गाडीचा दम कोंडतोय."

ग्राइंडर फिरवला. कापल्या तोंडातून दिसलं
पोळं. बारीक बारीक घरं,
मध नाही, करडी भुकटी.
भंगारवाला सोन्याच्या भावानं मागत होता,
मी डबा फडताळात ठेवला. का, ते सांगता येत नाही.

गाडी भुंकत सुटली.
समोर जाळं सांधणारा तांडेल
डोळे चोळत आत गेला.
माझ्या घशाला चार दिवस तीच चव.

गणपतीनंतर त्याची आई आली.
मला वाटलं, भांडायला.
बोंबलाची पिशवी ठेवून म्हणाली,
"पोरगा अंजर्ल्याच्या पुलावर चढला
की आता घरात ऐकू येतं.
तेव्हाच भात टाकते. ऊन ऊन जेवतो."

शिमग्याच्या आधी पोलिसांनी पावती फाडली.
डबा परत बसवला,
वेल्डिंग वेडंवाकडं, पण घट्ट.
तांडेल बाहेर येऊन बसला.

श्रीराजनं चावी फिरवली.
चालू झाली की नाही, ते वाकून बघावं लागलं.
मुकाट वळणाआड गेली गाडी

आणि मग मला तो भात आठवला.