फळ्यावर न मावलेलं

मॅनेजर म्हणाला, पाच ओळींत बसव.
पांढरा फळा, निळी अक्षरं, खाली कंपनीचं नाव.
मी सुलक्षा वेळीप, सांग्याची, आयटीआय,
कुटबणच्या जेटीवर थंड खोल्यांची पहिली बाई मेकॅनिक.
अक्षर चांगलं, म्हणून हे काम माझ्याकडे.

मासेमारी बंदीचे दिवस. ट्रॉलर ओळीने बांधलेले,
साळ नदी मातकट, जाळ्यांवर ताडपत्री,
आणि आमची यंत्रं
इसवणासारखी पोट फाडून उताणी.

पहिली ओळ: या वायूला वास जाणवत नाही.
लिहिली आणि थांबले.
इथे सगळ्याला वास आहे.
डिझेलला, सुंगटांच्या सालींना, वाळत्या दोरांना,
मेनीन मिस्त्रींच्या शर्टाला तर आहेच.
नाकाच्या भरवशावर जगणाऱ्या माणसांना
कसं पटावं, की काही मरणं
नाकाला कळवून येत नाहीत?

दुसरी: तो हवेहून जड. खाली साचतो.
पाण्यासारखा पायऱ्या उतरतो,
खड्ड्यात बैठक मारतो.
वाकून काम करणारा आधी बुडतो,
हे मात्र मी लिहिलं नाही.
मॅनेजर म्हणाला असता, राजकारण नको.

तिसरी: द्रव अंगावर उडाला तर चोळू नका.
कोमट पाणी. कढत नव्हे.
कपडा चिकटला असेल तर ओढू नका, भिजवत राहा.
मिस्त्रींच्या डाव्या हाताची दोन बोटं
टोकाला मेणासारखी.
त्यांनी ती चोळली होती, फुंकर घातली होती,
शेगडीवर धरली होती.
आई जे जे करते ते सगळं,
आणि सगळं चुकीचं.
आता उकळत्या चहाचा पेला
ते त्याच बोटांनी उचलतात. पोरं हसतात. तेही.

चौथी: कोणी आत पडला तर मागोमाग जाऊ नका.

इथे ब्रश वाळला.

रावळू गावस खड्ड्यात पडला
तेव्हा मी शिकाऊ, दारात टॉर्च धरून.
त्याचा भाऊ पुनो धावला.
मिस्त्रींनी त्याची कॉलर धरली, भिंतीला दाबला:
"भितर वचूं नाका! एक पडला, दुसरो नाका!"
पुनो काय काय बोलला.
भेकड म्हणाला. आईवरून बोलला.
मिस्त्री मला म्हणाले, लाल वॉल्व. मी फिरवला.
पंखा. दोन्ही दारं सताड.
मग बर्फाच्या लाद्या ओढायचा लांब आकडा
उंबऱ्याबाहेरूनच, न वाकता,
रावळूच्या पट्ट्यात अडकवला
आणि लादी ओढावी तसा ओढला.
पायरीवर त्याचं डोकं आपटलं.
तो आवाज अजून आहे माझ्याकडे.

उघड्यावर, कुशीवर, पट्टा सैल. श्वास होता.
मडगावच्या इस्पितळात मिस्त्री डॉक्टरला एवढंच म्हणाले,
ह्याने गॅस ओढलाय,
हृदय भडकवणारं इंजेक्शन देण्याआधी हे ध्यानात घ्या.
मिस्त्री सातवी शिकलेले.
हे कोणी शिकवलं, मी नंतर विचारलं.
बराच वेळ पाना पुसत राहिले.
"एकाक दिल्लें," म्हणाले.

पुनोने माफी मागितली नाही.
त्यानंतर दोन मे महिने आले, आणि दोन्ही वेळा
मिस्त्रींच्या स्कूटरच्या हुकाला
काजूबियांची पिशवी अडकलेली.
कोणाची, ते कोणी विचारत नाही.

पाचव्या ओळीत मॅनेजरला हवं होतं:
सुरक्षा हीच आपली संस्कृती.
मी लिहिलं: वॉल्व दाराबाहेर, डाव्या हाताला, लाल.
आणि फळ्याशेजारी खिळा ठोकून
तो आकडा टांगला.

संध्याकाळी मॅनेजर आला. ओळी मोजल्या. पाच.
मग आकड्याकडे पाहिलं.
हा पण फळ्यातलाच का?

हो, म्हटलं.