शिंपला की खडा

गुरुवारी आम्ही चौघी खिडकीकडच्या खुर्च्या धरतो.
खाली विगोचं बंदर, क्रेनचे लांब हात,
आणि आमचे हात मनगटापर्यंत
बर्फाच्या मोज्यांत, दीड तास.
"नखं वाचतील," इरिया नर्स म्हणते.
एरुंदिना हसते:
"पोरी, चाळीस वर्षं जानेवारीच्या समुद्रात
हात घालून तिसऱ्या उकरल्या मी,
तेव्हा माझ्या नखांची कुणी चौकशी केली नाही."

त्याआधीचे चार डोस लाल होते.
सरबतासारखे लाल,
आणि घरी गेल्यावर संडासातही तेच लाल.
साबेलाने रात्री अडीचला मला फोन केला.
म्हटलं, बीट खाल्लंस असं समज आणि झोप.
ती झोपली.
मी जागी राहिले.

ती शाळेची बस चालवायची.
निरोप घ्यायला गेली तेव्हा एका मुलाने विचारलं,
डोक्याला हात लावून बघू?
तिने मान खाली केली.
"गरम आहे," तो म्हणाला,
आणि मग रांगच लागली.

मी डब्यांच्या कारखान्यात, एकोणतीस वर्षं.
सार्डिन, तेल, झाकण.
सार्डिन, तेल, झाकण.
आता जीभच पत्र्याची झालीय.
पाणी पत्रा, पाव पत्रा,
नवऱ्याने जीव ओतून केलेलं बटाट्याचं सूप, तेही पत्रा.
ओब्दुलियाने पिशवीतून लाकडी चमचा काढला.
"स्टील तोंडात घालू नकोस.
लिंबू चोख. तोंड आलं असेल तर नको,
डोळ्यांपुढे काजवे चमकतील."
तिला सगळं ठाऊक, तिची ही दुसरी खेप.
पहिल्या खेपेला नवरा असायचा शेजारी.
"तो घोरायचा," ती म्हणते, "तुम्ही बोलता.
जास्त वाईट काय, ते अजून ठरायचंय."

मग एका गुरुवारी तिची खुर्ची रिकामी.
"तारीख बदललीय," इरिया म्हणाली,
नळीकडे बघत.
आम्ही पुढचं विचारलं नाही.
पिशव्या तिच्या खुर्चीवर ठेवल्या,
दुसरं कुणी बसू नये म्हणून.
त्या आठवड्यात माझे गुडघे आतून कुणी किसावेत तसे दुखत होते
आणि मी ते कुणालाच सांगितलं नाही.
सांगायची ती नव्हती.

तिसऱ्या गुरुवारी दारातूनच आवाज:
"पांढऱ्या पेशी संपावर गेल्या होत्या!
घरी बसवलं मला, भाचीच्या पहाऱ्यात!
आणि माझ्या खुर्चीवर हा कसला बाजार?"
साबेलाने पिशव्या इतक्या घाईने ओढल्या
की एक फाटली,
आणि वॉर्डभर लिंबं,
सलाइनच्या स्टँडखाली, इरियाच्या बुटांपाशी,
लिंबंच लिंबं.
उठता कुणालाच येत नव्हतं.
हसताना सुया दुखत होत्या.

रविवारी ओहोटीला एरुंदिनाने आम्हांला किनाऱ्यावर नेलं.
इरियाला सांगायचं नाही, अशी अट.
परवाना अजून तिच्या खिशात,
प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडा.
तिने ओल्या वाळूत बोटं खुपसली
आणि तशीच थांबली.
पूर्वी न बघता सांगायची,
हा एवढा, हा लहान, ही नुसतीच शिंप.
"काहीतरी आहे," ती म्हणाली,
"शिंपला की खडा, ते कळत नाही."
सूप अळणी झालंय म्हणावं, तशी म्हणाली.

साबेलाची बोटं अजून शाबूत आहेत.
ती गुडघ्यांवर बसली, एरुंदिनाच्या हाताशेजारी हात घातला.
खडा.
पुन्हा खडा.
मी उपड्या बादलीवर धापा टाकत मोजत होते.
पाचव्यांदा शिंपला, बंद, अंगठ्याच्या नखाएवढा.
एरुंदिनाने तो डोळ्यांनी मापला.
"लहान आहे. परत ठेव.
तसा नाही, तोंड वर करून."

मागे गाडीत ओब्दुलिया,
अर्धी काच खाली,
नाकावर मास्क, मांडीवर लिंबं,
ओरडत होती:
मिळाला का? अगं, मिळाला का?