निळी रेघ

मे महिन्यात नागपुरात कोणी टकला नसतो.
बर्डीच्या सिग्नलवर सगळी डोकी
पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळलेली, उघडे फक्त डोळे.
त्यांच्यातलाच मी एक, गाडीवर, मागे वुडवूलची तीन बंडलं,
आणि दुपट्ट्याखाली, कपाळावर,
डॉक्टर लांजेवारांनी मार्करने काढलेली रेघ.

"इथपर्यंत आणू," ते म्हणाले होते.
"मागचे काढायचे, पुढे लावायचे.
दोन हजार चारशे मुळं, मुळामागे पस्तीस रुपये."
मी मनात गुणाकार केला
आणि चौऱ्याऐंशी हजारांपाशी खुर्चीचा हात धरला.
"पण उन्हाळा जाऊ द्या. घाम चालत नाही."
रामदासपेठेतल्या त्या खोलीत एसी होता.
मी कूलरवाला. तिथल्या थंडीत मला काही सुचेना.

श्रावण चन्ने केस कापून झाले की
मागे आरसा धरायचा, डावीकडून, मग उजवीकडून.
मी सव्वीस वर्षांचा असताना एकदा त्याने तो धरलाच नाही.
विसरला असेल.
पुढच्या महिन्यातही विसरला.
तिसऱ्या महिन्यात मीच घाईत असल्यासारखा उठलो.

त्यानंतर कांद्याचा रस. गोळ्या. एक तेल,
ज्याच्या बाटलीवरचा माणूस मुळातच केसाळ होता.
लग्नाच्या फोटोत माझ्या डोक्यावर फेटा आहे,
आणि मी तो जेवतानासुद्धा काढलेला नाही.

कूलरच्या गवताचं मला कळतं.
ते वरून विरळ व्हायला लागतं,
पाणी पहिल्यांदा जिथे पडतं तिथून. मग जाळी दिसते.
गिऱ्हाईक विचारतं, निघेल का अजून एक सीझन?
निघेल, मी सांगतो. हवा येईल, गारवा नाही येणार.
किती सहज सांगतो.

घरी इराने कंपासपेटीतली पट्टी आणली.
भुवईपासून रेघेपर्यंत: सात सेंटिमीटर.
रेघेपासून खऱ्या केसांपर्यंत: साडेपाच.
"बाबा, एवढी जागा रिकामी आहे," ती म्हणाली,
आणि वहीत आकृती काढून घेतली.
प्रणिता पोळ्या लाटत होती. वळली नाही.
"तुम्हाले पायजे असन त करा.
मायासाठी करून रायलो, असं सांगू नका मात्र."
मी तेच सांगणार होतो.

दुसऱ्या दिवशी त्रिमूर्तीनगरात, देवपुजारींच्या गच्चीवर,
पंपाचा पाइप सुटला आणि मी चिंब झालो.
दुपट्टा काढून पिळला. रेघ विसरलो.
म्हातारा पाहत राहिला.
"ऑपरेशन?"
"ठरलं नाही अजून."
तो कूलरसमोर बसला, दोन्ही हात वर नेले
आणि केस काढून मांडीवर ठेवले.
खालचं डोकं गुळगुळीत, कडेला गोंदाची लाल खूण.
"तुमच्या वयात हे निघालं असतं तर मी केलं असतं," म्हणाला.
"अठ्ठावीस वर्षं रोज रात्री
बायको आधी झोपायची वाट पाहिली मी.
तिला माहीत होतं, हे ती गेल्यावर मेहुणीकडून कळलं."
मग त्याने पैसे मोजले. साडेसहाशे. पन्नास सुटे नव्हते, राहू द्या म्हणाला.

त्या रात्री मी टोपी न घालता झोपलो.
कूलरची हवा त्या साडेपाच सेंटिमीटरवर थेट येत होती,
आणि खरं सांगतो, बरी वाटत होती.
प्रणिता जागी होती. मी आधी झोपलो.

डॉक्टरांच्या कार्डामागे दिवाळीनंतरची एक तारीख लिहिली आहे,
पेन्सिलने. चौऱ्याऐंशीतले एकवीस हजार जमलेत,
ते गवताच्या नव्या मालातही लागू शकतात.
रेघ मी घासली नाही.
शुक्रवारी इरा पुन्हा पट्टी घेऊन आली,
डाव्या बाजूने पाहिलं, उजव्या बाजूने पाहिलं,
चन्ने पाहायचा तसं,
आणि म्हणाली, "बाबा, हलू नका ना."