क्रियापद

अकरा दिवस वाद एवढाच:
तोफा ‘मोडाव्यात’ की ‘मोडतील’.

ओस्कार टामसार, एस्टोनियाचा वकील,
एकच मसुदा घेऊन
या खोलीतून त्या खोलीत;
कोटाच्या खिशात पावाचा वाळका तुकडा,
खिडकीबाहेर जिनिव्हाचं गोठलेलं तळं.

बाराव्या दिवशी ‘मोडतील’ ठरलं.
टाळी कुणीच वाजवली नाही.
दुभाषा तेवढा घटाघटा पाणी प्यायला.

रात्री खानावळीत
सूप वाढता वाढता मादाम पेरुसे म्हणाली,
“मग? मोडणार ना आता?”

तो बराच वेळ चमचा पुसत राहिला.
“बाई, क्रियापद भविष्यकाळी आहे.”

ती काही बोलली नाही.
खुंटीवरची टोपी काढली
(व्हेर्दूनहून एकटीच परतलेली),
झटकली,
परत अडकवली.

सोळा वर्षं झाली,
धूळ काही थांबत नाही.